बेंगळूरला कलासंग्रहालयं निवांत पाहायचीत? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बेंगळूरला गेलेल्यांचा शनिवार-रविवार लग्नात नाहीतर मुलाच्या फ्लॅटवर जातो आणि संग्रहालय सोमवारवर ढकललं जातं. नेमका तोच वार चुकीचा. कस्तुरबा रोडवरचं म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी (लोक नुसतं ‘मॅप’ म्हणतात), पॅलेस रोडवरची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची शाखा आणि जेपीनगरचं इंडियन म्युझिक एक्स्पीरियन्स ही तिन्ही सोमवारी बंद असतात. हॉटेलवर कितीही खर्च केला तरी बंद दार उघडत नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळी उघडल्यापासून बारापर्यंतची वेळ सगळ्यात चांगली. शनिवारची संध्याकाळ सगळ्यात वाईट.

कुमारकृपा रोडवरच्या कर्नाटक चित्रकला परिषदेचं गणित वेगळं आहे. तिथे भाड्याने दिलेल्या दालनांत विक्रीची प्रदर्शनं चालू दिसतात, म्हणून आतला कायमचा संग्रहही उघडा असेल असं समजू नका. रोरिक या रशियन चित्रकारांची चित्रं, म्हैसूर शैलीची चित्रं, चामड्याच्या बाहुल्या हे सगळं आतल्या संग्रहात आहे. त्या दिवशी तो उघडा आहे का, हे फोनवर वेगळं विचारा. कस्तुरबा रोडवरचं 1865 साली स्थापन झालेलं सरकारी संग्रहालय आणि शेजारचं व्यंकटप्पा कलादालन इथेही आधी चौकशी कराच. जुन्या इमारती आहेत, दुरुस्त्या निघतात.

गाडी निवडताना होणारी चूक

वंदे भारत आल्यापासून सगळ्यांना तीच हवी असते. ती पहाटे बेळगाव सोडते आणि दुपारी दोनच्या सुमारास बेंगळूरला लागते. म्हणजे पहिल्या दिवसाचा चांगला भाग गाडीतच गेला. संग्रहालयासाठी रात्रीची राणी चन्नम्मा एक्स्प्रेस किंवा स्लीपर बस बरी. पण उतरल्या उतरल्या दालनात जाऊ नका. अकराला पाय दुखायला लागतात आणि दीड वाजता घरचे लोक चित्रांऐवजी बाक शोधतात. हॉटेलवाल्याकडून सकाळी लवकर खोली मिळण्याची सोय आरक्षणाच्या वेळीच लेखी ठरवून घ्या. आयत्या वेळी काउंटरवर हुज्जत घालून ती क्वचितच मिळते.

रेल्वेने उतरलात तर संगोळ्ळी रायण्णा स्थानकावरून जांभळ्या मार्गाची मेट्रो थेट कब्बन पार्कला नेते, तेही चौथ्याच थांब्यावर. तिथून ‘मॅप’ चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. चिन्नास्वामी मैदानावर सामना असेल तर त्या दुपारनंतर हा सगळा परिसर टाळा. गाडी करून गेलात तर जास्तच अडकाल.

विमानाने जाणाऱ्यांचा एक घोटाळा ठरलेला आहे. टर्मिनल दोनमधल्या कलाकृतींबद्दल ऐकून लोक तासभर राखून ठेवतात आणि त्यांचं विमान उतरतं टर्मिनल एकवर. तिकिटावरचा टर्मिनल क्रमांक पाहूनच तो तास धरा. विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे 35 किलोमीटर आहे. परतीच्या दिवशी दुपारनंतर कुठलंही संग्रहालय ठेवू नका.

एका दिवसात सगळं

एका दिवसात दोन ठिकाणं, त्याहून जास्त नको. जोड्या पत्त्यावरून लावा. चित्रकला परिषद आणि पॅलेस रोडवरचं राष्ट्रीय संग्रहालय एकमेकांच्या जवळ आहेत, ‘मॅप’ आणि सरकारी संग्रहालय एकाच रस्त्यावर. जेपीनगरच्या संगीत संग्रहालयाला मात्र अर्धा दिवस स्वतंत्र द्या. ते दक्षिणेला, शहराच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मींची साडी तिथे आहे. कुमार गंधर्वांचा जन्म आपल्या सुळेभावीचा, त्यामुळे गाणं ऐकणाऱ्या बेळगावकराने हे ठिकाण वगळू नये. तिथे हेडफोन लावून ऐकण्याच्या जागा बऱ्याच असल्याने दोन तास सहज जातात. मुलं सोबत असतील तर अंगणातल्या आवाजाच्या बागेसाठी अर्धा तास आणखी धरा.

‘मॅप’ पाच मजली आहे. लोक खालून वर चढत जातात आणि वर पोचेपर्यंत दमतात. लिफ्टने आधी वर जा आणि उतरत या. गच्चीवर जेवायचं असेल तर टेबल वेगळं राखावं लागतं. प्रवेशाच्या तिकिटात ते धरलेलं नसतं.

‘खासगी फेरी’ मागताना

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. हॉटेलच्या मदत-काउंटरवर ‘काहीतरी स्पेशल करा’ एवढंच सांगितलं की महागडी गाडी, एक सामान्य गाइड आणि शेवटी भरतकामाच्या दुकानात थांबा, एवढंच हाती येतं. खरी चैन ही की दालनाची माहिती असलेला माणूस दोन तास फक्त तुमच्याबरोबर असतो. ती मिळवायची तर संग्रहालयाला थेट, निदान दोन आठवडे आधी लिहा. पत्रात हे हवंच: तारीख आणि पर्यायी तारीख, माणसं किती, कुणाला चाकाची खुर्ची लागते का, भाषा कुठली, आणि काय पाहायचंय ते एका ओळीत. ‘सगळं दाखवा’ लिहिलं तर धावतं दर्शन मिळतं. ‘वस्त्रं आणि जुने छापील देव’ असं लिहिलं तर त्या विषयाचा माणूस देता येतो का, ते तरी ते बघतात.

मराठी बोलणारा मार्गदर्शक मिळेल असं धरून चालू नका. हिंदी, इंग्रजी किंवा कन्नड यांपैकी घरातल्या ज्येष्ठांना कुठली सोयीची, ते आधी ठरवा. आपल्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांना इंग्रजीपेक्षा कन्नड चांगलं समजतं, हे विसरून इंग्रजी फेरी घेतली जाते. दर सांगितला की फोड मागा: प्रवेश, मार्गदर्शक, गाडी, जेवण, कर. फोड न देणाऱ्याकडून घेऊ नका.

दालनात अंधार आहे, थंडी आहे

तक्रार करू नका, हे मुद्दाम केलेलं असतं. कागद आणि कापड यांच्यासाठी उजेड साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपास ठेवतात, आपल्या अभ्यासाच्या टेबलाच्या कितीतरी खाली. उजेडाने रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. फ्लॅशला बंदी त्यासाठीच. बाहेरच्या उन्हातून आत आलात की पाचेक मिनिटं दारापाशी थांबा, डोळे सरावतात. ज्येष्ठांसाठी शाल ठेवा. पाठीवरची सॅक, पाण्याची बाटली, छत्री सामानघरात द्या. रेखाटन करणाऱ्या मुलांना पेन नको, शिसपेन्सिल द्या.

विकत घेताना

रविवर्म्यांच्या नावाचे जुने छाप ही आपल्या लोकांची खास कमजोरी, कारण देवघरात कुठेतरी एक असतोच. त्यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. बाजारात आज पिवळ्या कागदावरच्या नव्या प्रतीही ‘अस्सल’ म्हणून खपतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ ठेवा. दगडावरून छापलेल्या जुन्या प्रतीत ठिपके वेडेवाकडे, दाणेदार दिसतात. हल्लीच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची एकसारखी, फुलासारखी जाळी दिसते. ती दिसली की किंमत बोलू नका.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या मुलाला पाठवायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. रविवर्म्यांची मूळ चित्रंही त्याच कायद्याखाली येतात. मर्यादित प्रतींच्या छापावर ‘12/50’ असा क्रमांक आणि सही पेन्सिलीत असते. सही छापलेली असेल तर ते पोस्टर समजा. गॅलरीतून घ्याल तर बिल, अस्सलपणाचं पत्र आणि चित्राचा फोटो तिन्ही मागा.

चित्रकला परिषदेच्या जानेवारीतल्या चित्रसंतेत, म्हणजे चित्रांच्या बाजारात, चित्रं रस्त्यावर मांडलेली असतात. सकाळी लवकर जा, गर्दी वाढली की यूपीआय अडकतं म्हणून थोडी रोकड जवळ ठेवा. तैलचित्र घ्याल तर कधी रंगवलं ते विचारा. हाताला कोरडं लागलं तरी आतून वाळायला कित्येक महिने लागतात. अशा चित्राला फुगेवालं प्लास्टिक थेट लावलं की फुग्यांचे ठसे रंगावर कायमचे उमटतात. आधी गुळगुळीत ग्लासिन कागद, मग प्लास्टिक.

गुंडाळायचंच असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. नळी किमान 15 सेंटिमीटर व्यासाची हवी. जाड थरांची चित्रं गुंडाळूच नयेत. बसच्या डिकीत टाकू नका, पावसाळ्यात तर नाहीच. काचेची चौकट घाटात तडकते. चौकट बेळगावलाच करून घ्या, पण मागचा पुठ्ठा आम्लरहित मागा. साध्या पुठ्ठ्याने दोन-तीन वर्षांत तपकिरी डाग पडायला लागतात.

खानापूर, चंदगडच्या पावसात बाहेरच्या भिंतीवर चित्र टांगणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आतली भिंत निवडा आणि चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवून सेंटिमीटरभर हवा खेळू द्या. तरीही पांढरी बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती रंगात आणखी शिरते. चित्र उतरवा, कोरड्या खोलीत आडवं ठेवा, बाकीच्या चित्रांपासून लांब. प्लास्टिकमध्ये बांधू नका, साध्या पांढऱ्या कागदाने झाका. फोटो काढून इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बेंगळूरमधल्या कला-संवर्धन केंद्राला पाठवा आणि चित्र हलवायचं की नाही ते त्यांच्या उत्तरावर ठरवा.