डोमेन स्वतःच्याच खात्यावर नोंदवा
संकेतस्थळ बनवून देणारा डिझायनर डोमेन (संकेतस्थळाचे नाव), होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सर्व्हरवरची जागा) आणि रचना यांची मिळून एकच रक्कम सांगत असेल, तर तिन्हींचा खर्च वेगवेगळा लिहून मागावा आणि डोमेनची नोंदणी शक्यतो स्वतःच करावी. डोमेन कायमचे विकत मिळत नाही. डॉट कॉमसारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी वापरायला मिळते आणि ज्याच्या खात्यावर ते नोंदलेले असते, त्याच्याच हाती नूतनीकरणाची व हस्तांतराची किल्ली राहते. खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, कारण मुदत संपून डोमेन बंद पडले की पुढच्या सूचनाही त्या ईमेलवर पोहोचत नाहीत. डोमेन आधीच डिझायनरच्या खात्यात असल्यास शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ते आपल्या खात्यात वळवून घ्यावे. एकाच रजिस्ट्रारकडील (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडील) दोन खात्यांत हे सहसा सोपे असते, रजिस्ट्रार बदलायचा असेल तर मात्र ऑथ कोड (हस्तांतरासाठीचा गुप्त संकेतांक) लागतो. होस्टिंग डिझायनरकडे राहिले तरी फारसे बिघडत नाही (ते केव्हाही बदलता येते), फक्त फाइली आणि डेटाबेस यांची ताजी प्रत आपल्याजवळ असावी.