स्टोअर्ड प्रोसिजर दुसऱ्या डेटाबेसवर नेताय? या चुका टाळा

प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला कोड, नव्या डेटाबेसवर कंपाइल झाली की निम्मं काम झालं, असं वाटतं. तसं नसतं. सिंटॅक्सच्या चुका डेटाबेस स्वतःच ओरडून सांगतो. कोड तोच दिसतो पण वागतो वेगळा, गोची होते ती तिथं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे सिलेक्ट इन्टू, क्वेरीचा निकाल व्हेरिएबलमध्ये भरणारं स्टेटमेंट. एकही रो मिळाली नाही तर ओरॅकल 'नो डेटा फाउंड' एक्सेप्शन देतं. पोस्टग्रेस गुपचूप व्हेरिएबलमध्ये नल (म्हणजे 'काहीच नाही') टाकतं. ओरॅकलसारखी एरर हवी असेल तर 'स्ट्रिक्ट' लिहावं लागतं. मायएसक्यूएल १३२९ क्रमांकाची वॉर्निंग देतं आणि व्हेरिएबलला हात लावत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिलेक्टनं व्हेरिएबल भरत असाल तर तिथंही जुनीच व्हॅल्यू राहते, वॉर्निंगसुद्धा येत नाही. आता हे लूपमध्ये घडलं असं समजा: एका ग्राहकाची बाकी पुढच्याच्या खात्यावर! रिपोर्टात लागोपाठ तीच रक्कम दिसली की पहिला संशय इथंच घ्या. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला व्हेरिएबल नल करायचं, एवढाच उपाय.

मायएसक्यूएलमध्ये याच्या पोटात आणखी एक दुखणं आहे. कर्सर (रो एकेक करून वाचणारा) संपला हे कळण्यासाठी आपण 'नॉट फाउंड' हँडलर लावतो, म्हणजे रो मिळाली नाही की चालणारा कोड. लूपच्या आतलं सिलेक्ट इन्टू रिकामं परतलं तरी तोच हँडलर चालतो आणि लूप अर्ध्यावर संपतो. एररही नाही, फक्त कमी रेकॉर्ड. आतल्या क्वेरीला स्वतःचा बिगिन-एंड ब्लॉक आणि स्वतःचा हँडलर द्या.

पोस्टग्रेसमध्ये खऱ्या अर्थानं प्रोसिजर आली ती २०१८ मध्ये, ११ व्या आवृत्तीत. त्याआधी फंक्शनवरच भागवायचं, आणि फंक्शनमध्ये कमिट (बदल कायम करणं) चालत नाही. पण प्रोसिजर असूनही 'इन्व्हॅलिड ट्रान्झॅक्शन टर्मिनेशन' आलं तर? बहुतेक वेळा ॲप्लिकेशननं आधीच ट्रान्झॅक्शन (एकत्रच कायम किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गट) उघडलेलं असतं; ऑटोकमिट, म्हणजे प्रत्येक स्टेटमेंटनंतर आपोआप होणारं कमिट, चालू आहे का तपासा. एक्सेप्शन असलेल्या ब्लॉकमध्ये कमिट लिहिलं तरी एरर येते, फक्त मेसेज वेगळा असतो.

त्या एक्सेप्शन ब्लॉकचंही तेच. पोस्टग्रेसमध्ये एरर आली की त्या ब्लॉकमध्ये आधी केलेले बदल आपोआप मागे जातात, ओरॅकलमध्ये ते तसेच राहतात. ओरॅकलच्या सवयीनं ब्लॉकच्या सुरुवातीला लिहिलेली लॉगची नोंद म्हणूनच पोस्टग्रेसमध्ये गायब होते. ती हँडलरच्या आत लिहा.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची चूक वेगळी: आतल्या प्रोसिजरमधला रोलबॅक फक्त आतलंच ट्रान्झॅक्शन मागे घेईल असं धरून चालणं. तो बाहेरचंही सगळं पुसतो, आणि मग २६६ क्रमांकाची एरर येते. तेवढाच भाग मागे घ्यायचा असेल तर सेव्हपॉइंट (मध्येच लावलेली खूण, तिथपर्यंतच मागे जाता येतं) वापरा.

परवानग्यांचंही बघून घ्या. ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये प्रोसिजर मुळात बनवणाऱ्याच्या अधिकारानं चालते, पोस्टग्रेसमध्ये चालवणाऱ्याच्या. 'परमिशन डिनाइड' आलं म्हणून घाईघाईनं टेबलवर सगळ्यांना हक्क देऊ नका. आधी 'सिक्युरिटी डिफायनर'ची, म्हणजे बनवणाऱ्याच्या अधिकारानं चालवण्याची, गरज आहे का ते ठरवा.

(एसक्यूलाइटवर न्यायचं असेल तर हे सगळं सोडा. तिथं स्टोअर्ड प्रोसिजर हा प्रकारच नाही.)