घोड्यांची जुनी दुनळी: आधी ओळखा, मग हात लावा

बाहेर घोडे (चाप ओढताच पडणारे हातोडे) असलेली जुनी दुनळी बंदूक हातात आली की लोक पहिल्यांदा सँडपेपर शोधतात. गंज खरवडायचा, लाकूड घासायचं, सगळं चकचकीत करायचं. असा सल्ला देणाऱ्याने एकही चांगली बंदूक वाचवलेली नसते. शंभर-सव्वाशे वर्षांत धातूवर चढलेला तपकिरी रंग आणि लाकडाच्या कडांची धार एकदा गेली की परत येत नाही. किंमत त्यांनाच असते.

कायद्याची कागदपत्रं आधी पूर्ण करा. मग बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. काडतुसाची बंदूक उघडून दिसते, पण ठासणीची, म्हणजे तोंडातून बार भरायची, असेल तर लाकडी काठी नळीतून थेट तळापर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तीच काठी नळीच्या बाहेरून लावून बघा. काठी निपलच्या (नळीच्या बुडाशी टोपी बसवायच्या बोंडीच्या) जागेपर्यंत पोचत नसेल तर आत बार ठासलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनंतरही पेटते. तिथेच थांबा आणि बंदूक जाणकार बंदूकसाजाकडे द्या.

आता ओळख. घोड्याची यंत्रणा म्हणजे लॉक, ते ज्या बाजूच्या पट्टीवर बसवतात त्या लॉकप्लेटवर कोरलेल्या नावावर विसंबू नका. नामांकित इंग्रजी कारखान्यांशी मिळतीजुळती नावं घालून हजारो स्वस्त बंदुका बेल्जियममधून बाहेर पडल्या. खरी साक्ष नळ्या उतरवल्यावर त्यांच्या बुडाशी, सपाट भागावर असते. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे राजदंड आणि बीसीपी ही रोमन अक्षरं म्हणजे नळ्या तपासून शिक्का मारणारं बर्मिंगहॅमचं चाचणीगृह. ते 1813 साली सुरू झालं आणि हे चिन्ह 1904 पर्यंत चाललं. मुकुटाखाली गुंफलेली जी आणि पी म्हणजे लंडन. लंबगोलात ईएलजी असेल तर बंदूक बेल्जियममधल्या लिएजची, आणि त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ती 1893 नंतरची. ‘नॉट फॉर बॉल’ असा शिक्का दिसला तर इंग्रजी बंदूक 1875 ते 1887 मधली, कारण चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेल्या, नळ्यांवर तो त्याच काळात मारत. चौकटीत 12 आणि सी (बारा बोअरच्या काडतुसाचं घर) दिसलं तर 1887 च्या नियमांनंतरची. नळीच्या बुडाशी असलेला 13 हा आकडा पाहून गोंधळू नका. बोअर हे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, आकडा मोठा तशी नळी अरुंद. बारा बोअरचा व्यास साधारण 18.5 मिमी, तेराचा 18 मिमी. काडतुसाचं घर बाराचं आणि नळी थोडी अरुंद, अशी जोडी जुन्या बंदुकांत सर्रास सापडते.

रचनेवरूनही काळ कळतो. काडतुसाच्या कडेतून पिन बाहेर येणारी पद्धत 1830 च्या दशकातली, बुडाच्या मधोमध पेटवणारी टोपी असलेलं काडतूस 1860 च्या दशकात रुजलं. घोडा सोडल्यावर तो आपोआप थोडा मागे सरकत असेल तर लॉक रिबाउंडिंग आहे, म्हणजे 1867 नंतरचं.

नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसली तर त्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, घणाने जोडलेल्या दमास्कस नळ्या असू शकतात. नुसती आम्लाने उठवलेली खोटी नक्षीही असते. खात्रीसाठी पुढच्या लाकडाखाली झाकलेला नखाएवढा भाग साफ करून त्यावर फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण लावा. खरी असेल तर लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात. नळ्या बुडाच्या हुकाने बोटावर लटकवून लाकडी काडीने टकटक करा. स्वच्छ घुमणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलाय. नाद कसाही असो, इतक्या जुन्या बंदुकीत आधुनिक धूरविरहित काडतूस घालायचं नाही. घरही बहुधा अडीच इंचांचं असतं, आजच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी नाही. जाणकाराने नळीची जाडी मोजून, तपासून हो म्हटल्याशिवाय बार उडवायचा विषयच नको.

आता स्क्रू. सगळ्या कामातला खरा अवघड टप्पा हाच, आणि माझाही हात इथेच बराच काळ अडत होता. बंदुका बिघडतात त्या इथे. जुन्या स्क्रूंची खाच फार अरुंद आणि समांतर भिंतींची असते. बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. ते तळाला टेकतच नाही, जोर लावला की वर सरकतं, खाचेच्या कडा फाडतं आणि कोरीवकामावर ओरखडा ओढतं. म्हणून प्रत्येक खाचेसाठी टोक कानशीने घासून बनवा. रुंदी डोक्याएवढी, जाडी खाचेत घट्ट बसेल इतकी, दोन्ही बाजू समांतर. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

ॲसिटोन आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल निम्मं-निम्मं मिसळून स्क्रूभोवती थेंब सोडा आणि काही दिवस थांबा. लाकडाच्या कडेला मात्र ते लागू देऊ नका. मग तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर टेकवून ऊब द्या. ज्योत वापरू नका, कठीण केलेल्या पृष्ठभागाचे निळे-करडे रंग जातात आणि लाकूड जळतं. आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, मग सैल. तरीही हलत नसेल तर टोक ड्रिल प्रेसच्या चकमध्ये पकडा, मशीनची वायर काढून ठेवा, टोक खाचेत दाबून धरा आणि चक हाताने फिरवा. दाब सरळ खाली राहतो, टोक उसळत नाही. न हटणारे बहुतेक स्क्रू मी असेच काढले आहेत. ठोकून, झटके देऊन काढा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

लॉक उतरवताना घोडे अर्ध्यावर आणा, म्हणजे अर्धे मागे ओढून अडकवा. लॉक धरून ठेवणारा आडवा स्क्रू दोन-तीन आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हळू टकटक केली की पलीकडचं लॉक सुटतं. स्क्रूड्रायव्हर घालून ते उचकटू नका. निघालेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून त्याच जागी खोचा. आटे हाताने कापलेले असतात, एकाचा स्क्रू दुसऱ्यात बसत नाही. बसला तरी खाच लांबीच्या रेषेत येत नाही, आणि जाणकार तेच आधी पाहतो.

लॉक चालत असेल तर मुख्य स्प्रिंगला हात लावू नका. रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, तेलाचा एक थेंब पुरे. स्प्रिंग काढायचीच असेल तर त्यासाठीचा शिकंजा हवा, पक्कड नव्हे.

गंज तेल आणि पितळी लोकरीने (पितळेच्या बारीक तारांच्या बोळ्याने) उतरवा. नळ्यांना गरम क्षारांचं ब्लूइंग (निळसर काळा रंग) कधीही देऊ नका, ते दोन नळ्यांमधला शिसं-कथलाचा डाख खातं आणि पट्टीखाली अडकून आतून गंजवत राहतं. रंग द्यायचाच असेल तर हळू गंजवण्याची जुनी पद्धत, आणि तीही नक्षी खरोखरच पुसली असेल तरच.

दस्ता घासू नका. मूळ लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असतं, सँडपेपरने ते खाली जातं आणि लॉकप्लेट उघडी पडते. तेलाने काळं पडलेलं लाकूड खडूची पूड आणि ॲसिटोनच्या लेपाने खेचून काढा, पुन्हा पुन्हा. मग जवसाच्या तेलाचे पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळू देऊन.

जोडणी उलट्या क्रमाने. बंदूक उभी ठेवताना नळीचं तोंड खाली असू द्या, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.