पुस्तक हरवलं, फाटलं, भिजलं तर

चाळीसगावकडच्या आमच्या शाळेत दसरा झाला की मी ग्रंथालयाचं देवघेवीचं रजिस्टर उघडते. दिवाळीनंतर कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात, पोरं सोबत जातात आणि दप्तरातून आपलं पुस्तकही जातं. ज्यांच्या घरचा कोयता निघणार, त्यांची पुस्तकं आधी गोळा करा.

"मॅडम, पुस्तक हारपी गये" असं म्हणत पोर आलं, तर रागावू नका. एकदा बोलणी खाल्ली की ते कपाटाकडे फिरकत नाही, आणि हे नुकसान पुस्तकाच्या किमतीपेक्षा मोठं. आठ दिवस शोधायला द्या. कापसाच्या ढिगाखाली, धाकट्याच्या दप्तरात, मामाच्या गावी, कुठेतरी बहुतेकदा सापडतंच. नाहीच सापडलं तर बदली तेच पुस्तक मागा, जुनं असलं तरी चालेल. ऐपत नसेल तिथे मी पैशाचा विषय काढत नाही.

दाखल नोंदवहीतली, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे लिहितो त्या वहीतली, ओळ मात्र खोडू नका. शेऱ्यात लाल शाईने 'हरवले', तारीख आणि मुख्याध्यापकांची सही. बदली प्रतीला नवा दाखल क्रमांक द्या आणि दोन्ही ओळींत एकमेकींचा क्रमांक लिहा.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तिचा गोंद पाझरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि पिवळा डाग कायमचा राहतो. त्यापेक्षा खळ करा: दोन चमचे मैदा वाटीभर थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. सुट्या पानाच्या आतल्या कडेला जेमतेम दोन मिलिमीटर खळ लावा, पान शिवणीत खोलवर सरकवा, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवून रात्रभर विटेखाली दाबा. खळ जास्त झाली की पान सुरकुततं. बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी, शाळेत नकोच.

पत्रा गळून पुस्तकं भिजली तर उन्हात टाकू नका, वाकडी होतात. पंख्याखाली उभी उघडून ठेवा, दर वीसेक पानांमागे टीपकागद घाला, ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी हात घाला. गुळगुळीत कागदाची आधी उचला, तशीच वाळली की त्यांची पानं एकमेकांना चिकटतात, मग सुटत नाहीत.

अगदीच गेलेल्या पुस्तकांची यादी निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी करायला, पाठवा, आणि मंजुरी आल्यावरच 'रद्द'चा शिक्का मारून रद्दीत द्या.