ज्युनियर युरोव्हिजन मुलांसोबत कसे पाहावे आणि मत कसे द्यावे

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २००३ साली कोपनहेगनमध्ये सुरू केलेली ज्युनियर युरोव्हिजन ही मुलांची गीतस्पर्धा अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आपल्याकडेही थेट पाहता येते. ती बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होते आणि त्या दिवसांत आपले घड्याळ मध्य युरोपच्या साडेचार तास पुढे असते. माद्रिदमधील २०२४ ची अंतिम फेरी तिथे सायंकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू झाली. तेव्हा मुलांची जेवणे आधीच उरकून घ्यावीत.

स्पर्धक ९ ते १४ वर्षांचे असतात, गाणे फार तर तीन मिनिटांचे आणि बहुतांशी आपापल्या देशाच्या भाषेत असते. शब्द कळत नाहीत म्हणून मुलांना बिचकू देऊ नये. २००८ साली जॉर्जियाच्या ब्झिकेबी या त्रिकुटाने मधमाश्यांच्या वेशात चक्क कल्पित भाषेत गुणगुणत पहिला क्रमांक पटकावला होता. मागची वाद्ये ध्वनिमुद्रित असली, तरी मुख्य गायन रंगमंचावर प्रत्यक्षच होते. म्हणून वरच्या पट्टीत जाताना आवाज फाटतो का, नाचता नाचता दम पुरतो का, आणि शेवटचा सूर नीट टेकतो का, याकडे मुलांचे लक्ष वेधावे. प्रत्येक गाणे संपताच वहीत एक ओळ लिहून घ्यावी, नाहीतर दहाव्या गाण्यापर्यंत पहिले विसरलेले असते.

अलीकडच्या वर्षांत स्पर्धेच्या संकेतस्थळावर जगभरातून विनामूल्य मत देता येते आणि त्यासाठी तीन गाणी निवडावी लागतात. मतदान अंतिम फेरीच्या आधी एकदा आणि सर्व गाणी झाल्यावर सुमारे पंधरा मिनिटे, असे दोनदा खुले होते. माझ्या मते दुसरीच वेळ साधावी, कारण तेव्हा प्रत्यक्ष गायन ऐकून झालेले असते. सहभागी देशांतील प्रेक्षक स्वतःच्या देशालाही मत देऊ शकतात. आपला देश मैदानात नसल्याने आपले मत निव्वळ गाण्याला जाते, आणि ते तसेच जावे याची मला फार आस्था आहे.

निकालात प्रत्येक देशाचे परीक्षक मंडळ १२, १०, ८ पासून १ पर्यंत, असे एकूण ५८ गुण वाटते. सर्व मंडळांच्या गुणांच्या बेरजेइतकेच गुण ऑनलाइन मतांच्या टक्केवारीनुसार दिले जातात. १७ देश असतील तर ते ९८६ होतात आणि दहा टक्के मते मिळवणाऱ्या गाण्याला त्यातले सुमारे ९९ गुण मिळतात. त्यामुळे परीक्षकांच्या यादीत आवडते गाणे मागे पडले, तरी मुलांना लगेच झोपायला पाठवू नये.