क्रीडा अनुदानाचा अर्ज करताय? मुंबईतल्या मंडळांनो, या चुका टाळा

परळ-लालबागपासून कांदिवलीपर्यंत कितीतरी मंडळं आणि व्यायामशाळा अनुदान मिळण्याजोगं काम करतात. पण अर्ज कागदांत अडकतो आणि पोरं उसवलेल्या मॅटवरच सराव करत राहतात. बहुतेक वेळा हे टाळता येतं.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते जागेवर. ‘आम्ही वडिलांच्या काळापासून इथेच खेळतोय’ हा मालकीचा पुरावा होत नाही. मैदान पालिकेचं आहे, म्हाडाचं की जिल्हाधिकाऱ्यांचं, हे आधी मालमत्ता पत्रकावर बघा. मग विकास आराखडा 2034 मध्ये त्या भूखंडावर कसलं आरक्षण आहे तेही तपासा. खेळाचं मैदान आणि मनोरंजन मैदान ही दोन वेगळी आरक्षणं आहेत, आणि बांधकामाला किती मुभा मिळेल हे त्यावर ठरतं. जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र लागणारच. देखभालीचा करार संपला असेल तर अनुदानाच्या मागे लागण्याआधी तो नव्याने करून घ्या.

दुसरा घोळ विश्वस्तांच्या नावांचा. धर्मादाय कार्यालयाच्या अनुसूचीत, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या अधिकृत नोंदीत, दिवंगत अध्यक्षांचं नाव, बँकेत जुन्या खजिनदारांची सही आणि अर्जावर आताच्या सचिवांची. अशी फाइल पुढे सरकेलच कशी? विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. राहून गेला असेल तर आजच वकिलांना गाठा, कारण त्याचा आदेश यायला वेळ लागतो. लेखापरीक्षण अहवालही हाताशी हवेत.

मुंबईत जिल्हे दोन आहेत. माहीम-सायनपर्यंत, धारावी धरून, मुंबई शहर. वांद्रे-कुर्ल्यापासून पुढे उपनगर. अर्ज आपल्याच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे द्या.

‘कबड्डी साहित्य, एकूण इतके लाख’ असं ठोक अंदाजपत्रक देऊ नका. पुरुषांचं मैदान लॉबीसह (दोन्ही बाजूंच्या पट्ट्या धरून) 13 बाय 10 मीटर, महिलांचं 12 बाय 8. मॅट किती चौरस मीटर, जाडी किती, दर काय, सगळं वेगवेगळं लिहा. बाजूला मोकळी जागा सोडायची असते, ती मोजायला विसरू नका. बांधकाम असेल तर शासकीय दरसूचीप्रमाणे अभियंत्याकडून अंदाजपत्रक करून घ्या. अनुदानाची कमाल रक्कम मात्र चालू शासन निर्णयातच वाचा, ऐकीव आकड्यावर विसंबू नका.

प्रशासकीय मान्यता हातात येण्याआधी ठेकेदाराला कामाला लावू नका. आधीच झालेल्या कामाचे पैसे मिळवणं फार अवघड जातं. अर्ज फेब्रुवारीवरही ढकलू नका. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं, तोवर निधीचं वाटप ठरून गेलेलं असतं.

पैसे आले की हिशेब ढिला पडतो, आणि पुढच्या वेळी हेच नडतं. प्रत्येक बिल मंडळाच्या नावावर घ्या, पैसे मंडळाच्या खात्यातूनच द्या, आलेली वस्तू त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) मुदतीत जमा करून त्याची पोच घ्या.