क्लासिक मिनीत मोटरसायकलचं इंजिन कसं बसवायचं

१९५९ साली पहिली मिनी, म्हणजे ब्रिटनची ती चिमुकली मोटार, बाहेर पडली तेव्हा तिच्या बॉनेटखाली ८४८ सीसीचं, ३४ अश्वशक्तीचं इंजिन होतं. १९९८ च्या यामाहा आर-वन बाइकचं इंजिन ९९८ सीसीचं, ताकद १५० अश्वशक्ती, सहा गियर त्याच केसिंगमध्ये, आणि दोन माणसं ते टेबलावर उचलून ठेवतात. ब्रिटनमधल्या हौशी गॅरेजवाल्यांना ही जोडी गेली कित्येक वर्षं खुणावते आहे. तशी बाइकच्या इंजिनावर चारचाकी चालवण्याची कल्पना जुनीच. बीएमडब्ल्यूने १९५५ साली इसेटा काढली ती स्वतःच्या बाइकच्या एका सिलिंडरच्या इंजिनावरच.

मात्र खर्चाचा अंदाज इंजिनाच्या किमतीवरून बांधू नका. वेळ आणि पैसा जातो तो ऑइल, चेन आणि रिव्हर्स या तीन ठिकाणी.

कागद आधी

ब्रिटनमध्ये बरीच वर्षं गुणांची पद्धत चालत आली. मूळ बॉडीशेल न कापता ठेवली तर ५ गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गियरबॉक्स आणि स्टीअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. गाडीची मूळ ओळख टिकवायला किमान ८ गुण लागायचे. म्हणजे इंजिन बदलल्याने फारसं बिघडत नव्हतं, बॉडीला कटर लावला की गाडी अडकायची. हे नियम बदलत असतात, त्यामुळे पहिली कापाकापी करण्याआधी डीव्हीएलएचा, म्हणजे तिथल्या वाहन नोंदणी खात्याचा, आजचा नियम वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी आरसी जुळली पाहिजे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. तेव्हा पुण्या-मुंबईत कुणाला ही हौस असेल तर गाडी ट्रॅकपुरती किंवा खासगी जागेपुरती धरायची. हात साफ करायचा असेल तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट टीममध्ये जा. तिथे चाकणला तयार झालेलं केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं इंजिन चेन आणि डिफरेन्शियलला (दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गियरला) जोडताना याच सगळ्या अडचणींशी गाठ पडते.

पायरी १: अख्खी बाइक घ्या

सुटं इंजिन स्वस्त मिळतं आणि शेवटी महाग पडतं. अपघातात पुढून मार बसलेली, पण चालू होणारी बाइक शोधा. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), किल्ली, मीटर, थ्रॉटल, क्लचची केबल, सगळं एकाच घरचं मिळतं. खोलण्याआधी सुरू करून ऐका, आणि मागचं चाक उचलून सगळे गियर टाकून बघा.

२००१ पर्यंतच्या आर-वनला कार्ब्युरेटर होते, २००२ पासून इंजेक्शन आलं. पहिल्यांदाच हे करत असाल तर माझं मत कार्ब्युरेटरच्या बाजूने. वायरिंग निम्म्यावर येतं.

इंजिन बाइकमधून काढण्याआधी एक काम कराच. बाइक सरळ उभी करून सिलिंडर किती अंशात पुढे झुकलेत ते मोजा आणि केसिंगवर मार्करने आडवी रेघ मारा. गाडीत इंजिन बसेल ते ह्याच कोनात. ऑइलची पातळी आणि कार्ब्युरेटरचे फ्लोट त्या कोनासाठीच बनलेले असतात.

पायरी २: जागा ठरवा

इंजिन पुढे ठेवलं तर पुढच्या चाकांची ड्राइव्ह कायम राहते, पण दाटी भयंकर होते. मागे, सीटच्या पाठीशी ठेवलं तर मागची सीट गेली, पेट्रोलची टाकी हलवावी लागली, पण हात घालायला जागा मिळते आणि पकडही चांगली येते. मी मागेच ठेवेन.

मिनीच्या मागच्या हबमध्ये ड्राइव्ह शाफ्टची सोयच नाही, कारण ती गाडी पुढून ओढणारी. म्हणून मागे एकतर खास बनवलेली सबफ्रेम (चाकं आणि सस्पेन्शन धरणारी चौकट) लागते किंवा पुढचीच सबफ्रेम मागे लावून तिचे स्टीअरिंगचे हात पक्के जखडावे लागतात. दुसरी युक्ती साठीच्या दशकातली. दोन इंजिनांची ‘ट्विनी’ १९६३ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत अशीच धावली होती. तशाच दोन इंजिनांच्या मिनीत रेसिंग गाड्या बनवणारे जॉन कूपर त्याच वर्षी अपघातात गंभीर जखमी झाले. मागच्या चाकांना जरादेखील वळू देणारा सांधा ठेवायचा नाही, एवढं लक्षात असू द्या.

इंजिनाचं तोंड बाइकमध्ये होतं तिकडेच हवं, पुढे. जागा पुरत नाही म्हणून कुणी ते उलटं फिरवलं तर चाकंही उलटी फिरतील, आणि हाती येतील रिव्हर्सचे सहा गियर.

पायरी ३: क्रेडल आणि चेन

आधी हिशेब. या इंजिनाचा टॉर्क १०८ न्यूटन मीटर. पहिल्या गियरला प्रायमरी (क्रँक ते क्लच) आणि गियर मिळून तो साधारण चौपट होतो. पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनची चकती, १६ दातांचा, त्याची त्रिज्या सुमारे ४ सेंटिमीटर. भागाकार केलात तर चेनवर दहा हजार न्यूटनच्या पुढे ओढ येते, म्हणजे टनभराहून जास्त. क्लच झटक्यात सोडला तर आणखी.

ही ओढ इंजिन आणि डिफरेन्शियल यांना एकमेकांकडे खेचते. म्हणून दोघांची पकड एकाच चौकटीत हवी. इंजिनाची क्रेडल, म्हणजे त्याला धरणारा पाइपांचा सांगाडा, एकीकडे वेल्ड केली आणि डिफरेन्शियल दुसऱ्या पत्र्याला लटकवलं, तर पहिल्याच जोरात चेन वाकडी धावते. इंजिनाला बाइकमध्ये होते तेच बोल्टचे पॉइंट वापरा. पाइप आधी नुसते टॅक करा, सगळं जुळल्यावरच पूर्ण वेल्ड. पूर्ण वेल्ड करताना चौकट ओढली जाते, तेव्हा इंजिनाच्या जागी रिकामी केसिंग बोल्ट करून ठेवा.

दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून बघा. मिलिमीटरभरापेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नका, शिम (पातळ चकती) टाका. बाइकचा स्विंगआर्म वरखाली होतो म्हणून तिथे चेन ढिली ठेवावी लागते. इथे डिफरेन्शियल चौकटीला घट्ट असल्यामुळे थोडा ढिलेपणा पुरतो, पण ताण बदलायची सोय हवीच. चेनवर जाड पत्र्याचं कव्हर आणि सीटमागे पूर्ण बंद फायरवॉल लावा. ती चेन तुमच्या पाठीपासून हातभर अंतरावर धावणार आहे.

पायरी ४: गियरिंग

बाइकचं मागचं चाक १९०/५० आर१७ चं, घेर सुमारे १.९५ मीटर. मिनीला १६५/६० आर१२ टायर लावले तर घेर १.५८ मीटर. म्हणजे तेच स्प्रॉकेट ठेवले तर जिथे बाइक २५० चा वेग दाखवायची तिथे मिनी २०२ वर येते. लहान चाकाचा हा आयता फायदा. पण बाइकचं कोरडं वजन १७७ किलो आणि मिनीचं सहाशेच्या आसपास, तेव्हा एवढ्याने भागत नाही. मागचा स्प्रॉकेट मूळ ४३ च्या जागी ५३ दातांचा घ्या. वरचा वेग १६५ च्या आसपास येईल, आणि सिग्नलवरून निघताना क्लच जळणार नाही.

क्लचला कडक स्प्रिंग घाला. पेडलला मागे स्टॉपर लावा, कारण पायाचा जोर हातापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि केबल ओढून तुटते. ऑइल जासो एमए दर्जाचंच, बाइकचं. गाडीच्या ऑइलमधले घसरण वाढवणारे घटक ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचला सरकवतात.

पायरी ५: रिव्हर्स

बाइकच्या गियरबॉक्समध्ये रिव्हर्स नसतोच. क्वाइफसारख्या ब्रिटिश कंपन्यांचं चेनवर चालणारं डिफरेन्शियल मिळतं, पण ते एकट्याने गाडी मागे नेत नाही. सोपा उपाय म्हणजे स्टार्टरसारखी मोटर लावून डिफरेन्शियलवरच्या दात्यांच्या चकतीला गुंतवणं. पार्किंगमधून निघण्यापुरतं चालतं, चढावर मागे घ्यायची अपेक्षा ठेवू नका. मोटरची वायर न्यूट्रलच्या स्विचमधून न्या, म्हणजे गियरमध्ये असताना ती फिरणार नाही. जास्त टिकाऊ हवं असेल तर वेगळा रिव्हर्स बॉक्स, पण वजन आणि जागा दोन्ही वाढतात.

पायरी ६: ऑइल

इथे घाई करणाऱ्यांची इंजिनं जाम होतात. बाइक वळणावर झुकते, त्यामुळे ऑइलवरचा जोर कायम इंजिनाखालच्या ऑइल चेंबरच्या तळाकडेच राहतो. ग्लास हातात घेऊन बाइकवर बसलात तरी पाणी सांडणार नाही अशी ती रचना आहे. गाडी झुकत नाही. एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या, जोराने वळलात की चेंबरमधलं ऑइल ४५ अंशात एका बाजूला चढतं, पंपाला ऑइल देणाऱ्या पिकअप नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. दहा हजार आरपीएमला बिगएंडच्या (क्रँकवरच्या) बेअरिंगला जळायला तेवढे काही क्षण पुरतात.

किमान उपाय म्हणजे चेंबर काढून पिकअपभोवती बॅफल प्लेट वेल्ड करणं. तिला आत उघडणारी छोटी दारं असतात, ऑइल आत येतं, बाहेर जात नाही. चेंबर उथळ आणि रुंद करून बाजूला पंख काढले तर जमिनीपासूनची उंचीही वाढते. ट्रॅकवर चिकट टायर लावणार असाल तर ड्राय संपला (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवण्याच्या पद्धतीला) पर्याय नाही. रस्त्यापुरतं बॅफल आणि सोबत दाबाखाली ऑइल साठवणारी अ‍ॅक्युसंपसारखी टाकी पुरते.

आणि ऑइलच्या दाबाचा दिवा. बाइकच्या मीटरमधला टिकलीएवढा नको. स्टीअरिंगच्या समोर मोठा लाल दिवा लावा, वळणात नजर दुसरीकडे असतानाही दिसला पाहिजे.

पायरी ७: पाणी, वायर, ब्रेक

रेडिएटर पुढे, पाइप फरशीखालून मागे. कुठेही वरखाली लाट ठेवू नका, हवा अडकते. ब्रिटनमधली किट कारवाली मंडळी फोक्सवॅगन पोलोचा रेडिएटर सर्रास वापरतात. इलेक्ट्रिक पंखा हवाच.

वायरिंगमध्ये साइड स्टँड, क्लच आणि न्यूट्रलचे स्विच इंजिन सुरू होऊ देत नाहीत, ते आधी सोडवा. बाइक पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असेल तर तो मूळ दिशेने, सरळच लावा. बाइकचा अल्टरनेटर बाइकपुरताच. ५५ वॉटचे दोन हेडलाइट, पंखा आणि वायपर एकत्र चालले की बॅटरी उतरू लागते, एलईडी दिवे लावा.

जुन्या मिनीचे पुढचे ड्रम ब्रेक या ताकदीला अजिबात चालणार नाहीत. १९८४ नंतरच्या मिनीचे ८.४ इंची डिस्क घाला. त्यांना १२ इंची चाकं लागतात, म्हणून वरचा हिशेब त्याच टायरचा केला. इंजिन मागे गेल्याने वजनाची वाटणी बदलते, तेव्हा मागच्या ब्रेकचा जोर रिकाम्या जागी पुन्हा जुळवा.

पहिला स्टार्ट

प्लग काढा आणि ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारा. मग प्लग लावून सुरू करा, पंखा आपोआप लागेपर्यंत तापू द्या, थंड झाल्यावर पाणी भरा आणि क्रेडलचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. पहिली फेरी अंगणातच, दुसऱ्या गियरच्या पुढे न जाता. परत आलात की चेन हात लावण्याइतकी थंड होऊ द्या आणि ताण पुन्हा बघा, पहिल्या फेरीत ती हमखास ढिली पडते. त्यानंतर मोकळ्या मैदानात डावीकडे आणि उजवीकडे मोठे गोल घ्या, वेग हळूहळू वाढवत. लाल दिवा एकदा जरी लुकलुकला तरी इंजिन बंद करून चेंबर पुन्हा खाली उतरवा.